ज्ञानूची एन्ट्री

"आजून आवळा ना, मावशी."

"आवळू काय, कपाळ? आवळायला आत माणूस पाहिजे!" दीपमालानं ओठांत धरलेली टाचणी काढून गाऊनच्या बाजूला खोचली. "घरी जेवतीस का नाय गं?"

पोर खुदकन हसली. दीपमालाच्या पुंडलिकनगरच्या गाळ्यात, भाड्यानं द्यायच्या गाऊनांच्या गर्दीत, ती आरशासमोर स्टुलावर उभी होती. ज्ञानेश्वरी नाव, घरचे ज्ञानू म्हणत. गाऊन निळा, चमकीचा, जाळीच्या घेराचा. मागची नाडी पार शेवटपर्यंत ओढली तरी छातीपाशी मूठभर जागा रिकामीच राहत होती. माप घेतानाच दीपमालाला वयाची शंका आली होती. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मागच्या खुर्च्यांवर पोरीची आई बानाबाई आणि मामा सूर्यभान बसले होते. बिडकीनच्या पलीकडच्या वस्तीवरून सकाळच्या बसनं आले होते.

"वय काय म्हणालात नवरीचं?"

"आठरा सरलं की," मामा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"चणीनं लहान हाय," बानाबाई घाईनं म्हणाली.

ज्ञानूनं स्टुलावरच एक गिरकी घेतली. "मावशी, माझी एन्ट्री हाय, म्हाईतंय का? दोन्हीकडून धूर सोडनार. मंग मी एकटीनंच चालत यायचं आन् समद्यांनी बघायचं. आमच्या वर्गात कुनाचीच नाय झाली आशी!"

"कुठल्या वर्गात?"

"नववी ब."

मामानं मोबाईल खाली ठेवला. दीपमालाच्या हातातली टाचणी तिच्याच बोटात रुतली.

"अवो, आठरा वर्षांची पोर नववीत? मला काय दूधखुळी समजलात?"

बानाबाईनं पदर तोंडाला लावला. "ताई, तुमच्यापशी काय लपवू? चौदावं सरलंय. लगीन उरकलं की आमी नवराबायको कारखान्यावर जानार, ऊस तोडाया. उन्हाळ्यापस्तोर तिकडंच. सासू व्हती घरी, ती गेली. वयात आलेली पोर कुनाच्या जीवावर टाकू? संगं न्यावी तर तिथं पालाला दार नसतंय." तिनं डोळे पुसले. "आधी लई रडली वो. शाळा सोडनार नाय म्हनली, दोन दिस भाकरीला शिवली नाय. मंग हिच्या मामानं मोबाईलवर गाऊन दाखवला. म्हनला, ह्योच घेऊ, राजकन्येवानी दिसशील. तवा कुठं व्हय म्हनली."

"तुमच्याच दुकानाचा व्हिडिओ व्हता," मामा कौतुकानं म्हणाला. "ह्योच निळा."

दीपमालाच्या अंगाची लाहीलाही झाली. तो व्हिडिओ तिनंच दिवाळीत टाकला होता. लहानमोठ्या गाऊनांची रांग, मागं गोड संगीत आणि खाली ओळ: ‘प्रत्येक मुलगी राजकन्या असते.’ लई चालला होता तो. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला होता तिनं.

काय मेलं हे राजकन्येचं खूळ! पोर चालायला लागली की तिला जाळीचा फ्रॉक आणि डोक्यावर मुकुट. शाळेत गेली की फॅन्सी ड्रेसला पुन्हा तेच. पोरांनी पोलीस व्हायचं, पायलट व्हायचं, झालंच तर भाजीवाला व्हायचं. निदान काही तरी करायचं तरी! पोरींनी मात्र नटून उभं राहायचं आणि कुणी न्यायला येईल म्हणून वाट बघायची. बालवाडीतल्या पोरी याच आरशापुढं पोट आत ओढून उभ्या राहायच्या, आया फोटो काढायच्या आणि दीपमाला हसून पुढचा गाऊन काढायची. चॉकलेट दाखवून पोर पळवणाऱ्याला लोक चौकात बडवून काढतात. इथं चॉकलेट तिच्याच दुकानातलं होतं.

"देत नाय मी गाऊन," ती म्हणाली. "न्या पोरीला घरी आन् शाळेत धाडा."

सूर्यभान उठला. "नका देऊ. गुलमंडीवर मिळंल. दुकान काय एकच हाय व्हय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इथं नाही तर चार दुकानं सोडून मिळाला असता, आणि लग्न व्हायचं ते झालंच असतं. ज्ञानूनं गाऊन दोन्ही मुठींत धरून ठेवला होता.

"मावशी, आसं नका ना करू. मला ह्योच पायजे. तुमी बी या ना लग्नाला! रविवारी हाय, आमच्या शेतातच मांडव. बिडकीनच्या पुढं पान्याची टाकी लागती, तिथून आत वळायचं. याल ना?"

"येते," दीपमाला म्हणाली. तिनं गाऊनला टाके घातले, बांधून दिला. तिघं वळणाआड गेली तसं शटर अर्धं ओढलं आणि मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन लावला. गाव सांगितलं, वार सांगितला, टाकी सांगितली. पोरीनं हौसेनं दिलेलं आमंत्रण तिनं जसंच्या तसं पलीकडच्या बाईला देऊन टाकलं.

रविवारी ती मांडवात पोचली तेव्हा पोलिसांची जीप आधीच आली होती. नवरदेवाकडचे लोक शिव्या घालत गाड्या वळवत होते. आचारी ज्याला त्याला विचारत होता, भाताचं काय करू? सूर्यभान ग्रामसेवकासमोर मान खाली घालून जबाब देत होता, आणि बानाबाई बालसंरक्षणाच्या अधिकारी बाईंपुढं हात नाचवत होती.

"लगीन मोडलंत, बरं केलंत! आता पोर कोन सांभाळनार? तुमी सांभाळता?"

"वसतिगृहात सोय करू, ताई."

"करू, करू! गाडी परवा निघती आमची!"

दीपमालाला तिचा राग आला, आणि ती खोटं बोलत नव्हती याचा त्याहून जास्त आला.

ज्ञानू मांडवामागच्या खोलीत होती. केसांच्या बटा, पापण्यांवर चमकी, अंगात निळा गाऊन. कुणाला हात लावू देत नव्हती.

"मावशी, कुनी सांगितलं वो त्यांना?"

थाप मारता आली असती. "मी," दीपमाला म्हणाली.

ज्ञानू रडली नाही. "एकदा चालू द्यायचं व्हतं की," ती म्हणाली. "धूर निघाला आस्ता, मी चालले आस्ते. मंग थांबवायचं. मला कुनी बघितलंच नाय."

"अगं, लगीन लागलं असतं बाळा. शाळा सुटली असती. वर्षात कडेवर पोर आलं असतं."

"शाळंत तरी मला कोन बघतंय?"

 आपल्याकडं एकदा सगळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी चौदा वर्षांच्या जिवानं लग्नाला उभं राहायचं! कुणाच्या तरी थोबाडीत मारावी असं दीपमालाला फार वाटलं, आणि हाताशी कुणीच नव्हतं.

"वळ," ती एवढंच म्हणाली. नाडी सोडली. गाऊनच्या आतल्या ताठ पट्ट्यांचे लाल वळ पोरीच्या बरगड्यांवर उठले होते. त्यांच्यावरून तिनं तळहात फिरवला. ज्ञानूनं अंग चोरलं.

"ज्ञाने!" बाहेरून बानाबाई ओरडली. "ही पातेली कोन घासनार, तुजा बाप? आचाऱ्याला वापस द्यायचीत!"

ज्ञानूनं घरचा ड्रेस चढवला आणि मागच्या अंगणात गेली. चुलवणातली राख काढून भाताचं पातेलं घासायला बसली. बटा तोंडावर येत होत्या, त्या ती मनगटानं मागं सारत होती. चमकीवर राख बसत होती.

दीपमालानं गाऊन खुर्चीवर टाकला, पदर खोचला आणि तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"सरक जरा."

ज्ञानू सरकली नाही. पाठ फिरवून घासत राहिली. दीपमालानं दुसरं पातेलं पुढं ओढलं.