मंजुरीच्या टेबलावरचा फोन

मित्रांनो, करड्या रंगाचा, वेटोळ्या वायरचा एखादा जुना फोन तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. मी तसलाच एक. सध्या एका लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळली आहे आणि माझ्यावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा ठेवला आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच बोलणे इकडून तिकडे पोचवले. स्वतःचे आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एक मुलगी बसे. तिने माझे प्रत्येक बटण दोनदा दाबले, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "हा स्वच्छ बोलतो." मग माझ्या पोटाला हिरवी टिकली चिकटवून तिने मला खोक्यात ठेवले. मी किती खूश झालो होतो म्हणून सांगू!

तिथून मी आलो तो एका स्कॅन केंद्रात. आतल्या खोलीत एक मोठे पांढरे यंत्र होते. त्याच्या पोटातले चुंबक इतके जबरदस्त, की किल्ल्या, घड्याळे, केसांतल्या पिनासुद्धा बाहेर काढून आत जावे लागे. त्यामुळे मला आत कधीच नेले नाही. माझी जागा बाहेर, काउंटरवर. डॉक्टरांची चिठ्ठी आली की माझ्यावरून निरोप जाई, "उद्या सकाळी नऊला या. अंगावर धातूचं काही नको. सोबत कुणाला तरी आणा." दुसऱ्या दिवशी माणूस येई आणि तपासणी होऊन जाई. इतके साधे होते सगळे. एकदा एका आजोबांचा रिपोर्ट चांगला आला. त्यांनी काउंटरवरूनच घरी फोन लावला. "अगं, काही निघालं नाही!" एवढेच बोलले. रिसीव्हर ठेवल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटले. माझे कौतुक असे कुणी करण्याची ती शेवटचीच वेळ.

पुढे एका वर्षी विमा कंपनीचे पत्रक आले. पासष्टच्या पुढच्या माणसांचा मोठा स्कॅन करायचा असेल, तर आधी कंपनीची मंजुरी घ्यायची. मंजुरीसाठी फोन करायचा तोही केंद्राच्या नोंदवलेल्या नंबरावरूनच. पेशंटशी कंपनी थेट बोलत नसे. मग मला काउंटरवरून उचलून पाण्याच्या फिल्टरजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवले. तिथे एक नवी कारकून बाई नेमली. कामाला चोख, स्वभावाने हळवी. सगळे तिला मंजुरीताई म्हणू लागले. ती दिवसभर माझी बटणे दाबे: आधी एक, मग तीन, मग ज्येष्ठांसाठी चार. माझ्या चारच्या बटणावरचा आकडा वर्षभरात पुसून गेला.

त्या टेबलासमोर एक दिवस दोन बहिणी येऊन बसल्या.

थोरली चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने चाळीस वर्षे पोहायला शिकवले होते. गावातली निम्मी माणसे तिच्या हाताखालून पाण्यात उतरली होती आणि सगळे तिला पोहणाऱ्या बाई म्हणत. धाकटी सत्तरीची. ती टेलिफोन ऑपरेटर होती. तिने मला हातात घेतले तेव्हाच मला कळले, की हा हात सराईत आहे. लग्ने दोघींचीही झाली नव्हती. दोघी एकाच घरात राहत आणि एकमेकींवर खेकसत.

बाईंच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध दुखत होते. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून मणक्याच्या स्कॅनची चिठ्ठी दिली होती.

"ताई, तू गप बस. मी बोलते कंपनीशी," धाकटी म्हणाली.

"तू काय बोलणार? जन्मभर 'थांबा, जोडून देते' एवढंच तर बोललीस," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसताना कळ आली, तशी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

मंजुरीताईने नंबर लावला. तिकडचा आवाज तरुण होता, सभ्य होता. "वय चौऱ्याहत्तर, पाठदुखी. आधी सहा आठवडे व्यायाम आणि गोळ्या, मॅडम. त्यानंतरही दुखलं तर परत अर्ज करा."

"अहो, पण त्यांचं अकरा वर्षांपूर्वी कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. म्हणून तर डॉक्टर घाबरलेत. चिठ्ठीत लिहिलंय तसं."

"दहा वर्षांच्या आतलं असतं तर धरलं असतं. अकरा म्हणजे नियमात बसत नाही."

आवाजाने व्यायामाचा छापील तक्ता पाठवला. आठ व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. बाईंनी तो चष्मा लावून नीट वाचला. "करते की. लोकांना चाळीस वर्षं करायला लावले. बुडणाऱ्यांना पाण्यातून काढता काढता आता कागदात बुडायची पाळी आली म्हणायची," त्या म्हणाल्या आणि तक्त्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

दर सोमवारी त्या तक्ता दाखवायला येत. रोजच्या दोन खुणा, पेन्सिलीने, एकीसारखी एक. पहिल्या सोमवारी त्या स्वतः चालत आल्या. दुसऱ्या सोमवारी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. तिसऱ्या सोमवारी त्या खुर्चीत बसल्या आणि वाकून डावा पाय चोळू लागल्या.

"काल तलावावर गेले होते," त्या म्हणाल्या. "पायऱ्या उतरताना डाव्या पायाला पायरी लागलीच नाही. पाय आहे, पायरी आहे, पण मला काही कळलंच नाही."

मंजुरीताई तशीच उठली आणि डॉक्टरांना खाली घेऊन आली. त्यांनी तिथेच बाईंच्या तळव्यांना पेन टोचून पाहिले आणि नव्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'तातडीचे'. तिकडचा आवाज म्हणाला, की तातडीचे असेल तर कंपनीचे डॉक्टर तुमच्या डॉक्टरांशी बोलतील. शुक्रवारी दुपारी दोन ते चार.

शुक्रवारी डॉक्टरांनी दोननंतरचे सगळे पेशंट पुढे ढकलले. मी वाजलो तो बाराला वीस मिनिटे कमी असताना.

"डॉक्टर आहेत का?"

"वर आहेत, पेशंट तपासतायत. दोन मिनिटं थांबा, मी बोलावते. प्लीज ठेवू नका!" मंजुरीताईने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि ती धावली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज मी ऐकत होतो. दुसऱ्या कानाने तिकडचा श्वास ऐकत होतो. तिकडे कागद उलटल्याचा आवाज झाला, कुणीतरी कुणाला काहीतरी विचारले, आणि मग खट्. मित्रांनो, मला एवढेच करता येते, आलेला आवाज पोचवणे. थांबा असे म्हणणे मला जमत नाही. डॉक्टर धापा टाकत आले आणि "हॅलो, हॅलो" करत राहिले. माझ्याजवळ त्यांना द्यायला नुसती घूं घूं होती.

मंजुरीताईने परत फोन लावला, तेव्हा उत्तर मिळाले, "डॉक्टर उपलब्ध नव्हते अशी नोंद झालीय. पुढची वेळ दहा दिवसांनी."

चौथ्या आठवड्यात धाकटी एकटीच आली. "आम्ही पैसे भरून करतो स्कॅन. ताईला नका सांगू." मंजुरीताईने हळू आवाजात आकडा सांगितला. तो दोघींच्या पाच महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. आणि मंजुरीशिवाय केलेल्या तपासणीवरून पुढचे उपचार ठरले, तर त्यांचा खर्चही कंपनी देणार नव्हती. धाकटी घरी गेली. तिला खोटे बोलता येत नसे, त्यामुळे संध्याकाळीच बाईंचा फोन आला.

"तिचं ऐकू नका. बत्तीस वर्षं हप्ता भरलाय मी, एकदाही चुकवलेला नाही. मला माझ्या हक्काचं हवंय. आणि दोनच आठवडे राहिलेत, मी करीन पूर्ण." त्यांचा आवाज करडा होता.  

पुढच्या सोमवारी धाकटीने हट्टाने पैसे भरले. तारीख मिळाली गुरुवारची.

बुधवारी सकाळी मी वाजलो. "ताईचे पाय गेले," धाकटी म्हणाली. इतकी वर्षे दुसऱ्यांना जोडून दिलेला तो स्वच्छ आवाज त्या दिवशी ओळखू येत नव्हता. "व्यायामाला उठली आणि खालीच बसली. ती म्हणते, मी पाय हलवतेय. पण हलत नाहीत गं."

"मावशी, इथं आणू नका. रुग्णवाहिका बोलवा, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या!"

तिथे कुणालाही न विचारता तासाभरात स्कॅन झाला. अकरा वर्षांपूर्वीचा आजार परतला होता आणि मणक्यात बसून मज्जारज्जू दाबत होता. तिथल्या डॉक्टरांनी धाकटीला सांगितले, की पायाला पायरी लागली नाही त्याच दिवशी कळले असते, तर पाय बहुधा वाचले असते. ते ऑपरेशनला तयार होते, पण पाय परत येतील असे म्हणायला तयार नव्हते. ते परत आलेही नाहीत. बाई अकरा आठवडे अंथरुणावर होत्या. धाकटी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत असे. शेवटी शेवटी बाई तिला सारखे एकच म्हणत, "मला एकदा पाण्यात ने. पाण्यात पाय लागत नाहीत." ते काही जमले नाही. मग बाई गेल्या.

महिन्याभराने धाकटी कागद न्यायला आली. मंजुरीताईने फायलीतले एक पत्र आधीच लपवायचा प्रयत्न केला होता, पण ते निघालेच. कंपनीचे होते. 'अर्जदाराने सहा आठवड्यांचा व्यायाम पूर्ण केला नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

धाकटीने ते दोनदा वाचले. रडली नाही. पिशवीतून तक्ता काढून तिने तो पत्राच्या शेजारी ठेवला. तीस दिवस, रोजच्या दोन, साठ खुणा. शेवटच्या आठवड्यातल्या खुणा वाकड्यातिकड्या होत्या, पण एकही चुकली नव्हती.

"मला जरा फोन देता?" ती म्हणाली.

तेव्हापासून दर मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, मंजुरीताई मला तिच्याकडे सरकवून देई. एक, तीन, चार. मग थांबवून ठेवतानाची ती धून. मग दर वेळी नवा आवाज. आणि धाकटी दर वेळी पहिल्यापासून सांगे, "मला पैसे नकोत. तक्रारही करायची नाही. तुमच्या कागदावर एक वाक्य खोटं आहे, तेवढं खोडा. माझी बहीण कामचुकार नव्हती."

कुणी म्हणाले, लेखी द्या. तिने लेखी दिले. कुणी म्हणाले, दुसऱ्या विभागाला विचारा. कुणी काही न बोलता परत धून लावली. ही धून आता मला झोपेतही येते, असे ती एकदा हसून म्हणाली. तिच्या बहिणीसारखेच हसली.

नवव्या मंगळवारी एका मुलीने फोन उचलला. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. सगळे ऐकून घेतले, तलाव, पायरी, साठ खुणा. मग म्हणाली, "आजी, शेरा बदलायचा तर अर्जदाराची सही लागते."

"अगं, ती गेली ना."

"हो." थोडा वेळ नुसत्या बटणांचा आवाज आला. "मग इथे पुढचा रकाना उघडतच नाही. मी खूप वेळा करून बघितलं."  मग ती अगदी हळू म्हणाली, "मी माझ्या वहीत लिहून ठेवू का?"

धाकटीने डोळे मिटले. "लिही बाळा. लिही, की तिनं सगळा व्यायाम केला."

पुढच्या मंगळवारी तिने त्या मुलीची चौकशी केली. ती मुलगी तिथे नव्हती. कुठे गेली ते सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीने फोनची सोय बंद केली. सगळे संगणकावर आले. माझी तार भिंतीतून उपटली आणि मला या खणात टाकले. मंगळवारी धाकटी आली तेव्हा मी इथूनच ऐकत होतो.

"आता फोन नाही, मावशी. वेबसाइटवरच भरावं लागतं."

"तिथं बोलायला माणूस असतं का?"

"नाही."

 खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि पावले दाराकडे गेली. ती परत कधी आली नाही. ते वाक्य अजून तसेच आहे.

मित्रांनो, मला पुसून परत भिंतीला लावा, असे मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. पण ती सगळी बोलणी माझ्यातूनच गेली आहेत, म्हणून एक सांगतो. त्यांनी बाईंचे वय विचारले, नंबर विचारला, जन्मतारीख तर तीन-तीनदा विचारली. 'कुठं दुखतंय?' असे एकानेही विचारले नाही. उद्या तुमच्यापैकी कुणीतरी मोठे होऊन तसल्याच टेबलावर बसेल, आणि समोर एखादे थकलेले माणूस येईल. त्याला हे आधी विचारा, आणि ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. तुम्ही तसे कराल अशी मला फार आशा आहे, असे नाही. माझ्यावर अर्जांचे आणखी दोन गठ्ठे येऊन पडले, की मला बोलताही येणार नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवले.