बाउलर हॅटची खळगी

मित्रांनो, डोक्यावर बसणाऱ्यांना स्वतःचं डोकं नसतं असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. मी काळ्या रंगाची, गोल घुमटाची, काठ वर वळलेली जुनी बाउलर हॅट आहे, आणि पुष्कळ वर्षं माझ्या डोक्यात एकच विचार आहे. तो तुम्हांला सांगते.

माझा जन्म सशाच्या केसांतून झाला. ते केस वाफेवर दाबून दाबून त्यांचं जाड कापड केलं, मग ते लाखेच्या पाण्यात बुडवून साच्यावर वाळवलं. लाखेमुळेच मी कडक झाले. पण कडक टोपीची एक अडचण असते. मऊ टोपी डोक्याप्रमाणे वळते, कडक टोपी वळत नाही. म्हणून आमचा टोपीवाला आधी गिऱ्हाइकाच्या डोक्याचा आकार कागदावर उतरवून घेई आणि मग टोपीची कड गरम करून त्या आकारात बसवी.

माझे मालक एका नाट्यगृहाचे दरवान होते. त्यांच्या उजव्या कानामागे, जरा वर, जन्मापासून हाडाचा एक उंचवटा होता. टोपीवाल्याने कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "साहेब, हे डोकं आहे की बटाटा?"

"बटाटा असला तरी माझा आहे," मालक म्हणाले. "टोचता कामा नये, एवढं बघा."

टोपीवाल्याने माझ्या कडेला त्या जागी आतून एक खळगी पाडली. अंगठा जेमतेम मावेल एवढी. मालकांनी मला घातलं तेव्हा मी कुठेही टोचले नाही आणि कुठेही हलले नाही.

संध्याकाळी दारात उभं राहून ते येणाऱ्या प्रत्येकाला मला उचलून नमस्कार करत. मुलांना तर दोनदा. घरी आले की त्यांची बायको मला हातात घेई, खळगीत अंगठा रोवी आणि मला गोल फिरवत ब्रशने धूळ झाडी. "आले का बटाटेराव?" असं ती रोज विचारी. मालक रोज हसत. इतका जुना विनोद इतक्या वेळा कुणाला हसवू शकतो, याचं मला नवल वाटे.

मालक गेले ते कामावर असतानाच. मी दाराजवळच्या खुंटीवर होते. त्या गडबडीत मला घरी न्यायचं कुणाला सुचलं नाही. पुढे कुणीतरी मला नाटकाच्या कपड्यांच्या पेटीत टाकलं. विदूषकांनी मला घातलं, एकाने माझ्यातून कबूतर काढलं, एक जण तर माझ्यावर बसला. तरी लाख चांगली होती. खळगी टिकली.

नाट्यगृह बंद पडलं तेव्हा ती पेटी चष्मेवाले काका घेऊन गेले. त्यांनी चष्म्याचं दुकान बंद करून जुन्या हॅट जमवायला सुरुवात केली होती. ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. काठाचा वळसा, फितीची रुंदी, आतलं रेशीम बघून ते हॅट कोणत्या काळातली ते सांगत. नखाने टिचकी मारून लाख किती उरली आहे तेही सांगत. पेटीत माझ्यासकट सारख्याच तीन निघाल्या, एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या. काका हरखून गेले.

"माझं डोकं दुखलं तर विचारत नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि टोप्यांना मात्र वाफारा!"

खरोखरच काकांनी किटलीची वाफ दिली. ऊब लागली की लाख सैल होते आणि थंड होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा घट्ट होते. काकांनी आम्हां तिघींना लाकडी साच्यांवर ताणून ठेवलं. आतले तडकलेले चामड्याचे पट्टे काढून नवे लावले. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. सकाळी साच्यावरून उतरवलं तेव्हा माझी खळगी गेली होती.

थोड्याच दिवसांनी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. मी त्यांना ओळखलं नाही. मालकांच्या या लेकीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती टेबलाला धरून उभी राहत होती.

"नाट्यगृहाची पेटी तुम्ही नेलीत असं कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांची टोपी असेल त्यात. आईला आता दिसत नाही, ती सगळं हातानेच ओळखते. फार दिवस उरलेत असं डॉक्टरही म्हणत नाहीत. 'ती टोपी एकदा माझ्या हातात दे,' एवढंच ती मागतेय."

"असेल, असेल! तीन आहेत," काका उत्साहाने म्हणाले. "काही खूण?"

"उजव्या कानामागे खळगी आहे. मुद्दाम पाडलेली."

काका आम्हां तिघींकडे पाहू लागले.

"बोला की," काकू म्हणाल्या.

"एक वाकडी होती," काका हळूच म्हणाले. "मला वाटलं, कुणीतरी बसलंय तिच्यावर. मी सरळ केली."

"कुठली ती?"

"तिन्ही एकदमच केल्या हो. आता मलाही सांगता येत नाही." मग घाईने म्हणाले, "पुन्हा पाडून देऊ का? वाफेवर जमेल."

"कुठल्याही टोपीला? आणि आईला खोटं सांगू?" बाईंनी डोळे पुसले. "तिन्ही द्या. तिच्या हाताला कळेल कदाचित."

खोली लहान होती, खिडकीशी पलंग होता. मालकांची बायको उशीला टेकून बसली होती. लेकीने पहिली हॅट दिली; तिने चाचपली आणि मान हलवली. मग माझी पाळी आली. तिची बोटं माझ्या काठावरून फिरली आणि अंगठा बरोबर त्या जागी येऊन थांबला. थांबला, पुढे गेला, परत आला. तिथे काहीच नव्हतं. मी तिचीच होते, मित्रांनो, आणि मला ते सांगता येत नव्हतं. तिसरीलाही तिने तेवढाच वेळ दिला.

"आमची नाही गं यात," ती म्हणाली. मग मला चाचपून पुन्हा उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि लेकीच्या हातात दिलं. "नीट परत कर हो. कुणीतरी वाट बघत असेल तिची."

आता मी पुन्हा काकांच्या कपाटात आहे. किटली त्यांनी काकूंना चहाला देऊन टाकली. बघायला येणारे म्हणतात, वा, अगदी नवीन दिसते!

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली आणि ती कुठे वाकलेली, झिजलेली दिसली, तर लगेच सरळ करायला बसू नका. ती वापरणाऱ्याला ओळखणारं कुणी अजून आहे का, ते आधी शोधा. असेल तर वस्तू तिथे घेऊन जा. न पुसता, न ताणता, आहे तशी वाकडी.