कुणालाही कळलं असतं

२००६ साली डॅलसच्या कोर्टात आम्ही सहाजण ज्युरीत होतो, निकाल एकमतानेच द्यायचा होता, आणि एकटी मीच ‘निर्दोष’ म्हणत होते. सकाळी सोडायला आलेल्या नवऱ्याने बजावलं होतं, “शैलजा, उगाच आर्ग्यू करू नकोस. सगळे म्हणतील ते म्हण आणि फोन कर, मी पिकअप करतो.” तीस वर्षं या देशात काढून, सिटिझन होऊनही माणूस पाहुण्यासारखा वागतो, याचा मला संताप येतो.

आरोपी अर्विंगमधल्या एका रेस्टॉरंटचा कुक. मालकाशी भांडून तणतणत निघाला आणि स्वयंपाकघराचं दार लाथेने उघडलं. ते पलीकडून येणाऱ्या वेट्रेसवर आदळलं. तिचं मनगट मोडलं. त्याने मुद्दाम मारलं असं सरकारी वकीलही म्हणत नव्हते. आरोप बेपर्वाईने इजा केल्याचा होता. दोषी ठरला तर वर्षभरापर्यंत तुरुंग.

मला तो मुळीच आवडला नाही. उर्मट मेला, स्वतःच्या खटल्यात जांभया देत होता. पण जजने वाचून दाखवलेल्या सूचना स्पष्ट होत्या: धोका आहे हे त्याला स्वतःला ठाऊक हवं, आणि ठाऊक असून त्याने तो धुडकावलेला हवा. त्याच्या नोकरीचा तिसरा दिवस होता. वेट्रेस एरवी दुसऱ्या दाराने ये-जा करत. ते दार त्या दिवशी रंगकामासाठी बंद होतं, आणि हे त्याला सांगितल्याचं एकही साक्षीदार बोलला नव्हता.

“पलीकडे कुणी असेल हे कुणालाही कळलं असतं,” फोरमन, म्हणजे आमच्या ज्युरीचा प्रमुख, म्हणाला. मग अगदी मवाळ आवाजात त्याने मला विचारलं, की कायद्याचं इंग्रजी मला नीट समजलं ना.

माझ्या डोक्यात सणक गेली. बावीस वर्षं इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवलंय मी.

“समजलं, म्हणूनच म्हणते,” मी म्हणाले. “खटला ‘कुणाही’वर नाही, याच्यावर आहे. याला ठाऊक होतं हे कुठल्या साक्षीत आलं ते दाखवा. आत्ता मत बदलते.”

त्यांनी दोन तास शोधलं. मग एकेक करून माझ्या बाजूला आले, फोरमन सगळ्यात शेवटी.

निकालानंतर कॉरिडॉरमध्ये ती वेट्रेस समोर आली. तिची बोटं अजून नीट मिटत नव्हती.

“मग माझा हात कुणी मोडला?” तिने विचारलं.

“त्यानेच,” मी म्हणाले. “पण तुरुंगात टाकण्याइतकं सिद्ध झालं नाही.”

ती रडायला लागली. तरी मी सॉरी म्हणाले नाही.