वहिनींची निळी पावडर

कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळेच वहिनी म्हणत. रसायनशास्त्रातली डॉक्टर असूनही इलाज नव्हता, कारण तिचा सख्खा धाकटा दीर शेजारच्याच टेबलावर काम करायचा आणि पहिल्याच दिवशी त्याने भर खोलीत "वहिनी, डबा आणलात का?" असं विचारून तिची डॉक्टरकी निकालात काढली होती. दिराला लोक कार्बनशेठ म्हणत. हायड्रोजनपासून वीज करून बस चालवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमचे बारीक कण ज्या काळ्या भुकटीवर बसवतात, ती कार्बनची भुकटी त्याने वीस वर्षं हाताळली होती. त्या भुकटीविषयी कोणी वाकडा शब्द काढलेला त्याला खपत नसे.

वहिनी तर रोजच काढायची. "बस थांबली, सुरू झाली, परत थांबली, की दर वेळी तुमचा कार्बन थोडा झिजतो, भाऊजी. बैठकच गेली तर प्लॅटिनम बसणार कुठे?"

तिचा भरवसा टायटॅनियमच्या ऑक्साइडवर होता. भिंतीच्या रंगात घालतात तीच ही पांढरी पूड. एरवी तिच्यातून वीज जात नाही, पण हायड्रोजनच्या भट्टीत भाजली की ती गडद निळी होते आणि वीज नेऊ लागते. झिजायचं मात्र नाव नाही. हे वहिनी छाती ठोकून सांगायची, आणि तिला ते शोभायचंही, कारण ती सहसा बरोबर असायची.

आता बसकंपनीची इंजिनीअर दोन दिवसांसाठी आली होती. तिच्यासमोर निळ्या पावडरीचा सेल कार्बनच्या सेलपेक्षा जास्त टिकला तर काम पुढे जाणार होतं. नाही टिकला तर भट्टी बंद आणि वहिनीची रवानगी कार्बनच्या गटात, म्हणजे दिराच्या हाताखाली. साहेबांनी तसं तोंडावर सांगून टाकलं होतं.

पहिल्या सकाळी निळा सेल जोडला. हलक्या भारावर, म्हणजे वीज थोडीच खेचली तेव्हा, व्होल्टेजचा आकडा झकास होता. वहिनीने हसू आवरलं. मग भार वाढवला, आणि आकडा धाडकन खाली आला.

साहेबांचा चेहरा पडला. "वहिनी, मला वाटतं आता आवरतं घ्यावं."

"आवरतं कशाला? पावडरीला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "हलक्या भाराला नीट चालतोय ना? म्हणजे वीज जातेय, प्लॅटिनम जागेवर आहे. जोर लावला की धाप लागतेय. आत हवा पोचत नाहीये, बस्स."

हवा का पोचत नाही, हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. सेल बनवताना पावडर, अल्कोहोल आणि बाइंडर नावाचं चिकट द्रावण यांची शाई करून ती पातळ पडद्यावर फवारतात. ही शाई दिराने केली होती. तिनेच गळ घातली होती, कारण त्याच्यासारखा एकसारखा थर कोणाचाच बसत नसे.

"भाऊजी, बाइंडर किती घातलंत?"

"नेहमीएवढंच."

"पावडरीच्या वजनावर?"

"मग काय तिच्या रंगावर घालू?"

सगळे हसले. वहिनी कपाटाकडे गेली आणि दोन बाटल्या घेऊन आली. दोन्हींत सारख्याच वजनाची पावडर होती. कार्बनची बाटली गळ्यापर्यंत भरलेली, निळीचा मात्र जेमतेम तळ झाकलेला.

"ही जड आहे, भाऊजी. वजन तेवढंच, पण माल एवढासा. चादरीला लागेल एवढी खळ तुम्ही रुमालाला लावलीत. सगळी भोकं बुजली."

दिराचे कान लाल झाले.

"म्हणजे ही शाई कार्बनवाल्यांनीच केली होती तर," इंजिनीअर म्हणाली. तिच्या सुरातली खोच सगळ्यांना कळली आणि जो तो एकदम आपल्या कामात बुडाला. वहिनीच्याही मनात क्षणभर शंकेची पाल चुकचुकली. भट्टी बंद पडली तर फायदा कोणाचा, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिने दिराकडे पाहिलं. नाकावर माशी बसू न देणारा तो माणूस मान खाली घालून उभा होता.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "इतक्या वर्षांची सवय. हात मला विचारतच नाही."

"मीही सांगितलं नव्हतं," वहिनी म्हणाली. तिच्या मनातली शंका तिथेच विरली.

साहेबांनी मध्येच तोडलं. "दुसरी शाई तुम्हीच करा, वहिनी. उगाच धोका नको."

"दुसरीही भाऊजीच करतील."

"परत त्यांच्याच हाती देता?"

"माझी पावडर मला ठाऊक आहे, साहेब, आणि माझा दीरही. तसा थर मला काही जमायचा नाही."

दिराने बाह्या सरसावल्या. बाइंडरचं नवं माप वहिनीकडून पुनःपुन्हा विचारून घेतलं, आणि एरवी काम करताना शीळ घालणारा माणूस फवारा संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही सेल शेजारी शेजारी लागले. यंत्र त्यांना बंद-चालू, बंद-चालू करत राहिलं, जणू बस दर थांब्यावर थांबतेय. दुपारपर्यंत कार्बनचा आकडा खचत गेला. निळा जागचा हलला नाही. भार वाढवला, तरी धाप लागली नाही. इंजिनीअरने स्वतः आणखी भार चढवून पाहिला, मग पेनचं टोपण लावलं.

"अख्ख्या बसला पुरतील एवढे सेल कधी देता?" तिने विचारलं.

वहिनीला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण बाजूलाच दीर उभा होता. त्याने पुढे होऊन आपला कार्बनचा सेल स्वतःच्या हाताने बंद केला. मग खिशातून फोन काढून थोरल्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, लावला.

"दादा, वहिनी जिंकल्या... हो, माझाच कार्बन हरला... शाई? अरे, शाई कोणी केली म्हणून काय विचारतोस? मी केली! दादा, असली शाई आयुष्यात झाली नव्हती माझ्या हातून."

शेवटी शेवटी त्याचा आवाज फाटला. भट्टी बंद करायच्या धमकीला न डगमगलेली वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर रडली.