पांढऱ्या गोट्यांची ओळ

मित्रांनो, मी एक म्हातारा किल्ला आहे, आणि तोही दोनदा बांधलेला. दोन्ही वेळा माणसांनी मला बांधलं, दोन्ही वेळा मी पडलो. वेल्समधल्या एका टेकडीच्या माथ्यावर माझा पसारा आहे. खालच्या खोऱ्यातली माणसं मला दिनास वेन म्हणतात. मला कुणाबद्दल तक्रार नाही. खोटं कशाला बोलू, एक आहे, आणि ती माझी माझ्याबद्दलच आहे.

मला पहिल्यांदा बांधलं तेव्हा राजे नव्हते आणि चुनाही नव्हता. हरणाच्या शिंगांनी खणून माणसांनी माझ्याभोवती दोन पुरुष खोल खंदक काढला. बायकांनी वेताच्या टोपल्यांतून दगड वाहिले आणि आतल्या बाजूला तट रचला. तटाच्या आत गोल घरं होती, गवताची छपरं होती, धूर होता. मला तो धूर फार आवडायचा. मग एका शरद ऋतूत सगळी खाली खोऱ्यात उतरली आणि परत वर आलीच नाहीत. मी वाट पाहिली. किती पाहिली ते विचारू नका.

रिकामा तट कोण सावरणार? एकेक दगड निसटून खंदकात पडला. त्यावर पाचोळा, शेवाळ, माती. हजार-बाराशे वर्षांत खंदक काठोकाठ भरला आणि वर गवत उगवलं. आता तिथं खंदक होता हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. फक्त एक खूण राहिली. कोरड्या उन्हाळ्यात सगळी टेकडी पिवळी पडायची, पण त्या पट्ट्यात खाली ओल असल्यामुळे गवत हिरवंगार राहायचं. माझ्या कमरेला कुणी हिरवा करगोटा बांधावा तसं ते दिसायचं.

ही खूण मेंढपाळांनाच ठाऊक होती. मे महिना लागला की ती माणसं खालचं घर सोडून मेंढ्या घेऊन वर यायची आणि थंडी पडेपर्यंत इथल्या झोपडीत राहायची. दूध काढायचं, चीज करायचं, लोकर कातरायची. त्यांच्यात मोरविद नावाची एक बाई होती. जिभेची तिखट, हाताची मऊ. तिचा धाकटा भाऊ मेरिग आठ वर्षांचा असतानाच त्याला दूरच्या मठात दगडकाम शिकायला पाठवलं होतं. तो तिशीला आला आणि गवंडी होऊन परतला. रिरिद नावाच्या सरदाराला माझ्या माथ्यावर गढी बांधायची होती. इंग्रजांची फौज येणार अशी हूल होती.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बाराशे वर्षांनी माझ्या अंगावर पुन्हा धूर, पुन्हा माणसांची बोलणी. मेरिग काम मन लावून करायचा. प्रत्येक घडवलेल्या दगडावर तो आपली खूण कोरायचा. खूण कुठली, तर त्यांच्या घरच्या मेंढ्यांच्या कानावर कापतात तीच, दोन खाचा आणि एक चीर. मोरविद ते पाहून हसायची.

"दगडांना कान कधी फुटले रे?"

"चोरीला गेले तर ओळखू यायला नकोत का, ताई?"

मोठा बुरूज खोऱ्याच्या तोंडावर हवा, असं रिरिदने ठरवलं. मेरिगने दोऱ्या लावल्या, खुंट्या ठोकल्या. मोरविद दुधाचं भांडं तसंच खाली ठेवून धावत आली.

"इथं नको रे, मेरिग. खालची जमीन पोकळ आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"गवताने. कोरड्या उन्हाळ्यात इथनं हिरवा पट्टा जातो."

मेरिगने आजूबाजूला पाहिलं. ते वर्ष पावसाचं होतं. सगळी टेकडी सारखीच हिरवी होती. बाकीचे गवंडी तोंड फिरवून हसायला लागले, आणि मेरिगचे कान लाल झाले.

"ताई, तू मेंढ्या बघ. भिंतीचं माझ्यावर सोड."

"मठात राहून शहाणा झालास, पण मोठेपणी एक कोरडा उन्हाळा इथं काढला नाहीस."

तरी त्याने कसूर केली नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. कमरेइतका खड्डा खणला आणि लोखंडी पहार मारली. पहार खण्णकन वाजली. दुसऱ्या जागी मारली, तिथंही वाजली. "खडक लागला!" तो ओरडला, आणि पाया तिथंच घातला.

मित्रांनो, तो खडक नव्हता. ते माझ्याच पडक्या तटाचे दगड होते, खंदकात एकमेकांवर कलंडलेले, आणि त्यांच्याखाली नुसता कुजका पाचोळा. त्याला दुसऱ्या कुणी फसवलं नाही, मी फसवलं. माझा माझ्यावर कितीही जीव असला, तरी त्या एका आवाजासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दोन वर्षांत बुरूज उभा राहिला. देखणा होता, खोऱ्यातून माणसं बघायला यायची. तिसऱ्या वर्षी मात्र पावसाने डोळे वटारले. जुलैत टेकडी पिवळी पडली आणि एका सकाळी मेरिग बुरुजाच्या माथ्यावरून खाली बघत असताना त्याला तो पट्टा दिसला. हिरवा, रुंद, थेट त्याच्या बुरुजाच्या पोटाखालून गेलेला. तो पांढराफटक पडून खाली आला. मोरविद दारात उभी होती. ती "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली नाही. नुसता त्याचा हात धरला.

मेरिग सरदाराकडे गेला. "धनी, बुरूज रिकामा करा. चूक माझी आहे."

"गवताच्या एका पट्ट्यासाठी? फौज उंबऱ्यावर आहे, मेरिग. टेकू लाव आणि गप्प बस."

आत बारा पहारेकरी राहत होते. मेरिगने ओकाची खोडं आणवली आणि बुरुजाला आतून टेकू द्यायला लागला. दिवस दिवस आतच असायचा. मोरविद रोज जेवण घेऊन यायची आणि रोज म्हणायची, "चल ना रे घरी. सरदाराचा बुरूज सरदार बघेल."

"ती माणसं आत आहेत, ताई. मी कसा येऊ?"

ऑगस्ट संपता संपता पाऊस लागला, तीन दिवस. वाळून आखडलेली माती पाणी प्यायली आणि माझे दगड सरकले. मला कळलं. ओरडायला मला तोंड कुठं आहे? पण मेरिगलाही लाकडाचा चिरका आवाज ऐकू आला. त्याने पहारेकऱ्यांना शिव्या घालून, ढकलून बाहेर काढलं. बाराच्या बारा वाचले. तेराव्याला दाराशी पोचता आलं नाही.

मोरविद दूध काढत होती. आवाज ऐकून ती धावली, आणि संध्याकाळपर्यंत नखांनी दगड उपसत राहिली. प्रत्येक दगडावर दोन खाचा आणि एक चीर. "मेरिग, इथं नको रे," एवढंच ती म्हणत होती. पुढे फौज आली, गढी गेली, रिरिद गेला. त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात मोरविद ओढ्यातून टोपली भरून पांढरे गोटे घेऊन आली. हिरवा पट्टा जिथं जिथं दिसत होता, तिथं स्वतःच्या हाताने एकेक ठेवला. म्हणजे ओल्या वर्षीसुद्धा कळावं, इथं काही बांधायचं नाही. प्रत्येक गोटा ठेवताना ती म्हणायची, "इथं नको रे, मेरिग." तिच्या मुलींनी तेच केलं, त्यांच्या मुलींनी तेच. आठशे वर्षं झाली. मेरिग कोण, हे सगळी पार विसरून गेली, पण वाक्य राहिलं.

आता त्या घराण्यातली हेलेद उरली आहे. साठीची आहे, गुडघे दुखतात. तिच्या मेंढ्यांच्या कानांवर अजून तीच खूण आहे. पण मुलं शहरात गेली, आणि येत्या शरदात ती कळप विकणार आहे. यंदाचा उन्हाळा कोरडा होता. हेलेद हळूहळू वर आली आणि गोटे सारखे करायला लागली. शेकडो होते, आता मोजून चाळीस राहिलेत. फिरायला आलेली एक बाई एक गोटा पिशवीत टाकत होती.

"बाई, ठेवा तो जागेवर," हेलेद म्हणाली.

"अहो, एकच तर घेतेय! बागेत छान दिसेल."

"सगळे एकच नेतात."

बाई वरमली. तिने गोटा परत ठेवला आणि विचारलं, "हे कशासाठी ठेवलेत?"

हेलेदने तो नीट बसवला. "मला नाही ठाऊक. आई ठेवायची. ठेवताना म्हणायची, इथं नको रे, मेरिग."

"मेरिग कोण?"

"कोण जाणे."

मला ठाऊक आहे हो! त्या पट्ट्याखाली तो अजून माझ्याजवळच आहे. पण मी कुणाला सांगू?

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. पुढच्या उन्हाळ्यात हेलेद नसेल. तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे पडके दगड बघा, त्यांवर बसून भाकरी खा, माझी हरकत नाही. पांढरा गोटा मात्र उचलू नका. एखादा कलंडलेला दिसला तर सरळ करा. आणि सरळ करताना ते वाक्य म्हणा. तुम्हाला आता ठाऊक आहे, ते कुणासाठी आहे.