नळीला चिकटलेले

घरात सगळे तिला जंतूबाई म्हणायचे. नाव दादानं ठेवलेलं, आणि तीही खुशाल ओ द्यायची. काय करणार, प्रयोगशाळेत तिची उमर एकाच जातीच्या जंतूंमागे गेली होती. पाण्यात पोहत असतात तोवर हे बेटे गरीब. शेजारी जिवंत पेशी ठेवा, ढुंकून बघणार नाहीत. पण एकदा का कशाला टेकले, चिकटले, की त्यांना ते कळतं, आणि मग त्यांचा अवतार बघावा! तेच जंतू, पण आता जवळ आलेल्या पेशीचा जीव घेतात.

"माझं लग्नानंतर झालं तसंच की," दादा म्हणायचा, आणि वहिनी त्याच्याकडे नुसती बघायची.

बाबांचा न्यूमोनिया वाढला, श्वास पुरेना, तेव्हा त्यांच्या घशात नळी घालून मशीन लावलं. चार दिवस बरे गेले. मग ताप चढला. नळीतून ओढून तपासायला दिलेल्या कफात नेमके तिचेच जंतू निघाले.

"हात्तिच्या, तुझ्या ओळखीचेच की!" दादाला हायसं वाटलं. "आता तू सांगशील तसं करतील ते. हो ना?"

ती तडक डॉक्टरांकडे गेली.

"रिपोर्टमध्ये प्रमाण कमीच आहे," डॉक्टर म्हणाले.

"अहो, ते सुटे पोहणाऱ्यांचं. नळीच्या आत चिकटून बसलेत त्यांचं काय?"

"ते असं मोजता येत नाही."

"मग काढा ना ती नळी!"

"काढली तर श्वास कोण घेणार? बदलली तरी नवीही घशातूनच जाणार, तिलाही चिकटतील. आणि बदलताना तुमचे बाबा टिकतील याची खात्री मी देणार नाही. औषध चालू आहे. असे चिकटून थर करून बसलेल्या जंतूंना ते किती लागू पडतं, हे मी तुम्हाला काय सांगू?"

खरंच, तिला काय सांगणार! विद्यार्थ्यांना हेच तर ती वर्षानुवर्षं शिकवत होती. प्रयोगशाळेत जंतू असे चिकटून माजले की ती सरळ काचेचं भांडं उचलून पेशींसकट टाकून द्यायची आणि दुसरं घ्यायची. कधी हळहळ वाटली नाही. आज पेशी बाबांच्या होत्या. एवढं शिकून हातात काय, तर पुढं काय होणार ते सगळ्यांच्या आधी कळणं. आग लागो त्या कळण्याला!

ती खाटेजवळ आली तेव्हा बाबा जागे होते. त्यांचा हात वर आला आणि नळीकडे गेला.

"धरा, धरा!" नर्स ओरडली. "ओढली तर संपलं. नाहीतर हात बांधावे लागतील."

दादाला ते बघवेना. तो तोंड फिरवून बाहेर गेला. तिनं बाबांचं मनगट धरलं आणि खाली दाबलं. अंगात एवढी ताकद कुठून आली होती त्यांच्या! ते डोळ्यांनी विनवत होते, काढ गं, काढ. आणि तिलाही तेच तर हवं होतं.

"नका ना ओढू, बाबा," ती म्हणाली. रडू आवरता आवरेना. "या नळीनंच बरं वाटणार आहे तुम्हाला. मला माहीत आहे ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. यातलं तिलाच कळतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांनी मान डोलावली आणि हात सैल सोडला.