बोटभर वर

"मिस्त्री, तीन वाजून गेले. त्या जाळीपासून जरा बाजूला व्हा," मावशी म्हणाल्या.

पाचव्या मजल्यावर, आपल्या घराबाहेर, लिफ्टच्या जाळीच्या दारासमोर त्यांनी लाकडी खुर्ची टाकली होती. मी गुडघ्यांवर बसून दाराच्या पट्टीत तेल सोडत होतो. पिंजरा तळमजल्यावर उभा, मेन स्विच बंद आणि फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, पण फ्यूज खिशात घातल्याशिवाय कामाला हात लावलेला नाही. कुणी चुकून स्विच चालू केला, तरी आपला जीव आपल्या खिशात राहतो.

तक्रार अशी होती की रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ही लिफ्ट कुणी न बोलावता, रिकामीच, सर्वांत वरच्या म्हणजे या मजल्यावर येते. इमारतीने धसका घेतला होता. सेक्रेटरींनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वरच्या बाई म्हणतात, त्यांचे मिस्टर येतात. आठ महिने झाले ते जाऊन. तुम्ही काही मनावर घेऊ नका, हो ला हो करा."

हो ला हो करणं मला कधी जमलं नाही. माझी बायको रोज अर्धा तास ध्यानाला डोळे मिटून बसायची. मी विचारायचो, "काय, लागला का फोन?" आणि स्वतःच हसायचो. पुढे पुढे ती मी कामावर गेल्यावरच बसायला लागली. कधी लवकर घरी आलो आणि दारात किल्ली फिरवली, की आत तिची उठायची धांदल ऐकू यायची. चोरी पकडल्यासारखी समोर येऊन उभी राहायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. ती धांदल माझ्या कानांतून जात नाही.

म्हणून सकाळी मावशींना मी आधीच सांगून टाकलं, "तुम्हाला जे वाटतं ते बोला, मी हसणार नाही. पण मी असलं काही मानत नाही, हेही सांगून ठेवतो."

"मानाच असं कुठे म्हणतेय मी?" त्या म्हणाल्या. "पहिली पाळी संपवून ते तीन-दहाला यायचे. अजून येतात. मी काही बोलत नाही. दार उघडते आणि बाजूला होते."

"मावशी, रिकामा पिंजरा हलका असतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं आहेत, ती त्याच्याहून जड. ब्रेक झिजला की ती खाली सरकतात आणि पिंजरा आपोआप वर येतो. रिकामा असतो म्हणूनच येतो. आत माणूस असता तर..." मी जीभ चावली.

त्यांना राग आला नाही. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "आता त्यांना कसलं वजन, मिस्त्री?"

मी पिशवीतून पाना काढला.

"पण एक सांगा. दार उघडलं की पिंजरा बोटभर वर उचलला जातो. तो का?"

हे मात्र मला ठाऊक होतं. आतला माणूस बाहेर पडला की दोरांवरचा ताण कमी होतो आणि पिंजरा बोटभर उचलला जातो. आधीच रिकामा असलेला पिंजरा असा उचलला जात नाही. ते मी बोललो नाही. म्हणालो, "ब्रेक बदलावा लागेल. कुणी पाय टाकतंय आणि लिफ्ट सरकली, तर माणूस जायचा. पण मग ती तीन-दहाला येणार नाही. तुम्हाला न सांगता करणं बरं वाटेना."

मावशींनी जाळीकडे पाहिलं. बोटांनी पदराचं टोक गुंडाळत होत्या.

"करा," त्या म्हणाल्या. "कुणाचा पाय तुटणार असेल तर असं येणं त्यांनाही नको असेल."

दुपारपर्यंत मी नवा ब्रेक बसवला. मशीनचं चाक दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, केसभरही हललं नाही. दाराला तेल देणं उद्यावर टाकता आलं असतं. पण आज त्यांना तिथे एकटं बसू द्यायला माझं मन होईना.

तीन-नऊ झाले.

"आज नाही यायची, मावशी," मी हळूच म्हणालो.

"माहीत आहे हो. बसायची सवय झालीय."

जिन्यात चिटपाखरू नव्हतं. आणि समोरचे दोर थरथरले. खालून पिंजऱ्याच्या दाराची खुळखुळ ऐकू आली, मग एकेका मजल्याने जवळ येऊ लागली. मी खिसा चाचपला. फ्यूज तिथेच होता. खालच्या अंधारातून पिंजऱ्याचं छप्पर वर आलं. आतला दिवा बंद होता. लिफ्ट मजल्याला अगदी नेमकी लागून थांबली.

मावशी उठायला गेल्या. त्यांच्या आधी मीच जाळी सरकवली. आत कुणी नव्हतं. वाटेत माझा तेलाचा डबा होता, तो मी पायाने बाजूला सारला आणि भिंतीला पाठ लावून जागा करून दिली.

पिंजरा बोटभर वर उचलला गेला.

मी खिशातला फ्यूज काढून त्यांना दाखवला. "मावशी, ब्रेक नवा आहे, वीज बंद आहे. हे कसं झालं, मला माहीत नाही." एकतीस वर्षांत असं मी कुणालाच म्हटलेलं नव्हतं.

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असणार. "असेल कुठे काही ढिलं राहिलेलं," त्या समजुतीने म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसंच असेल. उद्या येऊन निवांत बघा."

घराचं दार उघडून त्या आत गेल्या. एका माणसाला लागतं त्याहून जरा जास्त वेळ त्यांनी ते उघडं धरलं होतं.

लिफ्ट बंद असल्याची पाटी लावून मी जिन्याने उतरलो. घरी पोचलो तेव्हा उन्हं अजून कलायची होती. किल्ली दारापाशी नेली आणि हात थांबला. मी आधी बेल वाजवली. आत कुणी नाही, हे मला माहीत होतं. तरी उभा राहिलो. तिला सावकाश डोळे उघडून उठता यावं एवढा वेळ जाऊ दिला, आणि मग किल्ली फिरवली.